ब्रेकबाई

धाराशिव जिल्ह्यातली सगळ्यात हळू गाडी कोणती, असं आमच्याकडं शेंबड्या पोराला विचारलंत तरी ते नाक पुसायच्या आधी उत्तर देईल : गायकवाड मॅडमची अँब्युलन्स. ती रस्त्यानं निघाली की मागून ट्रॅक्टर हॉर्न मारायचे. उसाच्या बैलगाड्या तिला मागं टाकून जायच्या, आणि जाताना बैल मान वळवून बघायचे. लोहाऱ्याच्या रस्त्यावर एकदा एक वरात तिच्यामागं अडकली. मांडवात पोचेपर्यंत नवरदेवाची गुळगुळीत केलेली दाढी पुन्हा वाढली होती, असं अँब्युलन्सचा मालक आणि ड्रायव्हर इस्माईलभाई शपथेवर सांगतो. मी शपथ घेत नाही. माझा धंदा माईकचा. लग्नं, जयंत्या, निवडणुकीच्या रिक्षा आणि मोटरसायकलींच्या शर्यती, सगळ्यांचं निवेदन मी करतो. आणि निवेदकानं गोष्ट आहे तेवढीच सांगितली तर लोक उठून घरी जातात.

तर गंमत अशी, की जिल्ह्यातल्या सगळ्यात हळू गाडीत बसणारी ही बाई जिल्ह्यातल्या सगळ्यात वेगवान पोरांची डॉक्टर होती.

उन्हाळ्यात माकणीच्या धरणाचं पाणी मागं सरकलं की गाळाची भेगाळलेली जमीन उघडी पडते. तिथं आमच्याकडं शर्यती होतात. जेसीबीनं उंचवटे करायचे, वळणं काढायची, कडेनं दोर बांधायचा. मग कुठून कुठून पोरं येतात, सायलेन्सर काढलेल्या गाड्या घेऊन. त्यातल्या निम्म्या गाड्या स्वतःच्या असतात आणि निम्म्या चुलत्याच्या, त्याला न सांगता आणलेल्या. पहिली किक बसली की असा आवाज उठतो की धरणातले मासे बिऱ्हाड उचलून पलीकडच्या काठाला जातात.

मॅडम यायच्या आधी आमची वैद्यकीय व्यवस्था म्हणजे एक पांढरी पेटी. पेटीत एक कात्री, डोकेदुखीच्या गोळ्या आणि उद्घाटनातला उरलेला नारळ. बाकीचे उपचार जनता करायची. गडी गाडीवरून पडला की एक जण त्याचं हेल्मेट उपटायचा, दुसरा तोंडात पाणी ओतायचा, तिसरा बुक्कीनं कांदा फोडून नाकाला लावायचा, कांद्यानं भागलं नाही तर चौथा पायातली चप्पल काढायचा, आणि पाचवा "ऊठ मर्दा, काय झालं न्हाय तुला" म्हणत बगलेत हात घालून उभा करायचा. पडून वाचलेली पोरं या मायेतून वाचायची म्हणजे त्यांचं आयुष्यच बळकट म्हणायचं.

अशाच एका दिवशी एक पोरगा पडला, पाचही सेवक धावले, आणि दोराखालून एक ठेंगणी, वयस्क बाई आत घुसली. निळ्या काठाची पांढरी साडी, पायात पुरुषी बूट, हातात मिटलेली छत्री. छत्रीचं टोक तिनं थेट कांदेवाल्याच्या बरगडीत खुपसलं.

"हात काढ! पडलेल्या माणसाला हात लावायचा हक्क दोघांनाच. मला आन् जमिनीला!"

माईक माझ्या हातात होता आणि आवाज मैदानभर तिचा. मी माईक उगाच हलवून पाहिला, चालू आहे का म्हणून.

शर्यतीचे आयोजक बप्पा धोतर सावरत पळत आले. बप्पा म्हणजे मोठे बागायतदार. धोतर, सदरा, टोपी, आणि डोळ्यांवर नातवाचा रेसिंगचा गॉगल.

"तुम्ही कोण म्हणायचं, बाई?"

"डॉक्टर. सरकारी दवाखान्यातून रिटायर झालेय. सगळी नोकरी हायवेच्या कडेला गेली माझी. वेगानं आलेलं सगळं शेवटी माझ्याच टेबलावर येऊन थांबलंय, बप्पा."

त्या दिवशी त्या पोराची मान मोडता मोडता राहिली होती. बप्पांनी संध्याकाळी त्यांना शाल-श्रीफळ देऊन शर्यतीचं डॉक्टर केलं. श्रीफळ पेटीतलंच होतं.

पण त्या आल्या होत्या कशाला? ही गोष्ट मला फार नंतर इस्माईलभाईनं सांगितली. शर्यतीत सत्तावीस नंबरची गाडी चालवणारा राहुल त्यांचा भाचा. त्याची आई तो लहान असतानाच आजारानं गेली, वडलांची फिरतीची नोकरी. येडशीला आत्याच्या घरी वाढलेलं पोरगं. आत्याला सायकलचा उतार सोसत नाही, आणि पोराला हवेत उडी मारल्याशिवाय चैन पडत नाही. भांडण झालं, अबोला झाला, शेवटी तह झाला. राहुल म्हणाला, "तुला यायचं तर ये. पण मैदानात मला ओळखायचं नाही. पोरं हसतात."

मॅडमनी तह अक्षरशः पाळला. घरी "राहुलबाळा", मैदानात "सत्तावीस नंबर". सगळ्या पोरांना त्या "जयभीम, काय रे वाळलास" म्हणायच्या, सत्तावीस नंबरला नुसता "हं." तोही त्यांना "मॅडम" म्हणायचा. मी दोन वर्षं समजत होतो की यांचं काहीतरी जुनं वैर आहे.

मॅडमनी पहिला कायदा केला तो असा : अँब्युलन्स मैदानात नसेल तर चाक फिरायचं नाही. आणि अँब्युलन्सचा कायदा : काटा चाळीसच्या वर गेला तर मी उतरले. या दोन कायद्यांची गाठ पडली तेव्हा मजा झाली. एकदा प्रेक्षकातल्या एका आजोबांना उन्हानं भोवळ आली. मॅडमनी लाल झेंडा दाखवला, आजोबांना सलाईन लावून तालुक्याला नेलं. जाताना चाळीस, येताना चाळीस. तेवढ्या वेळात मैदानात दोन पोरांच्या सोयरिकी जुळल्या, एका म्हशीची विक्री झाली, आणि बप्पा गॉगल लावून गाढ झोपले. तेव्हापासून पोरांनी मॅडमचं नाव ठेवलं ब्रेकबाई. त्यांच्या कानावर गेलं तर म्हणाल्या, "बरंय की. तुमच्यापैकी एकाच्याही गाडीला नीट लागत नाही."

आता स्ट्रेचरची गोष्ट. पडलेल्या माणसाला फळीवर घ्यायचं तर चौघांनी एका दमात, एका उंचीवर उचलायचं असतं. एकाचा हात मागं राहिला की पाठीचा कणा गेलाच. मॅडमनी पैलवान आणून पाहिले. पैलवान एकमेकांपेक्षा उंच उचलायला लागले. मग त्यांना परांड्याच्या नोकरीतले दिवस आठवले आणि त्यांनी थेट सोनारीला निरोप धाडला. काळभैरवाच्या पालखीला खांदा देणारे चार गडी आले, मारुती त्यांचा म्होरक्या. पाऊल पडलं की चौघांचं एकदम, खांदा वाकला की चौघांचा एकदम. पालखीतल्या पाण्याच्या तांब्यातला थेंब हलायचा नाही, असं मारुती सांगायचा, आणि मी त्यात माझ्या पदरचं काही घालत नाही.

पहिला गडी पडला. चौघांनी फळी अशी उचलली की मॅडमचे डोळे भरून आले. आणि मग घोटाळा झाला. कुणीतरी हलगीवाला गर्दीत होता. चौघांचं ते पाऊल बघून त्याच्या हाताला राहवेना. हलगी कडाडली. हलगी कडाडल्यावर सोनारीचा खांदा स्थिर राहील तर शपथ! दोन पावलं पुढं, एक पाऊल मागं, अशी फळी डुलायला लागली. गर्दीनं वाट सोडली, बायकांनी पदर डोक्यावर घेतले, कुठून तरी गुलाल उधळला गेला. पालखी मानकऱ्याच्या दारी थांबतेच. म्हणून चौघं बप्पांच्या मंडपापुढं थांबले. बप्पांच्या कारभारणीनं काही विचार न करता पुढं होऊन पोराच्या हेल्मेटला हळदी-कुंकू लावलं.

खांद्याचं हाड मोडलेलं ते पोरगं डोळे उघडून गुलालातून आभाळाकडं बघत म्हणालं, "मॅडम, मी गेलो का हो?"

"न्हाय रे बाळा, हे लोक कामातून गेलेत!" मॅडम छत्री घेऊन पालखीच्या मागं. "नाचवू नका! अरे, नाचवू नका त्याला!"

मी मात्र माईकवर होतो, आणि काय बोलावं ते न सुचल्यानं "शांततेत दर्शन घ्या" असं म्हणून गेलो.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी चौघांना समोर बसवलं. आम्हाला वाटलं, हाकलणार. त्या म्हणाल्या, "हलगी बंद, थांबणं बंद, नाचणं बंद. पाऊल मात्र तेच ठेवायचं."

मारुती म्हणाला, "मॅडम, उचलताना भैरोबाचं नाव घेतल्याबिगर आमचा खांदा उठत न्हाय."

मॅडमच्या घरात भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब. त्यांनी क्षणभर विचार केला. "घ्या नाव. पण सगळ्यांनी एकदम. 'चांग' म्हटलं की पकडायचं, 'भलं' म्हटलं की उचलायचं. देव तुमचा, मणका माझा."

त्या दिवसापासून आमच्या मैदानात एक-दोन-तीन बंद झालं. मॅडम स्वतः पोराची मान दोन्ही हातांत धरून गुडघ्यावर बसायच्या आणि खड्या आवाजात म्हणायच्या, "चांग..." चौघं म्हणायचे, "भलं!" आणि गडी वर. पुढं पुढं प्रेक्षकही म्हणायला लागले. पोरगं पडलं की दुःख कमी आणि "भलं" म्हणायची हौस जास्त, अशी वेळ आली.

तिसरा कायदा चावीचा. पोरं पडली की उठून पुन्हा गाडीवर बसायची. हातपाय ठीक असले तरी डोक्याला आत मार बसलेला कळत नाही. म्हणून डोक्यावर पडलेल्या प्रत्येकाला मॅडम तीन प्रश्न विचारायच्या : आज वार कोणता? आपण कुठं आहोत? सकाळी काय खाल्लंस? एक उत्तर चुकलं की गाडीची चावी मॅडमच्या काळ्या पर्समध्ये. पर्सची चेन ओढल्याचा आवाज पोरांना सायलेन्सर काढलेल्या गाडीपेक्षा मोठा वाटायचा.

पोरं काय कमी? गर्दीतून दोस्त ओरडायचे, "वडापाव सांग, वडापाव!" एकानं तर "उपास होता" सांगून सुटका करून घेतली. मग मॅडम सकाळी सगळ्यांच्या राहुट्यांतून फिरायला लागल्या. याच्या ताटात डोकाव, त्याच्या डब्याचा वास घे. "तू काय, पोहे? पोह्यात शेंगदाणे होते का?" शर्यतीच्या दिवशी सगळ्या गड्यांची न्याहारी त्यांच्या डोक्यात असायची. एक जण म्हणाला, "मॅडम, आमच्या आईलाबी एवढं म्हाईत नसतंय." त्या म्हणाल्या, "तुझ्या आईला तू कुठं आलायस हेच माहीत नाही. सांगू का?"

मग ती फायनल. त्या वर्षी पुण्याहून एक पाहुणा आला होता, एका मोठ्या टीमसाठी पोरं निवडायला. बप्पांच्या मंडपात खुर्ची टाकून बसला. सगळ्या मैदानाला ठाऊक होतं की तो एकालाच नेणार आणि त्याची नजर सत्तावीस नंबरवर आहे. राहुलचं सगळं आयुष्य त्या एका शर्यतीवर टांगलेलं. त्या सकाळी मी येडशीहून अँब्युलन्समधूनच आलो होतो. निघायच्या आधी मॅडमनी घरी आम्हा सगळ्यांना ज्वारीची भाकरी आणि शेंगांची चटणी वाढली. राहुलच्या घशाखाली उतरेना, तर त्यांनी शेवटचा घास हातानं भरवला. पुढं मैदानाच्या दोराशी पोचलो तसा तो सत्तावीस नंबर झाला.

शर्यत सुरू झाली आणि मी माईकवर बेभान झालो. सत्तावीस पुढं, सत्तावीस पुढं! मोठ्या उंचवट्यावरून तो असा उडाला की मी त्याला खाली यायच्या आत पुन्हा दोनदा पहिला नंबर दिला. आणि उतरताना मागचा एक गडी त्याला धडकला, त्याच्यावर आणखी दोघं. धुळीचा डोंगर. लाल झेंडा.

धूळ बसायच्या आत राहुल उभा. हात वर केला, कपडे झटकले, हेल्मेट काढून लोकांना हसून दाखवलं. मैदान नुसतं उसळलं. बाकीचे तिघंही किरकोळ. ठरलं, की ट्रॅक साफ करून शर्यत पुन्हा पहिल्यापासून घ्यायची. राहुलची गाडीसुद्धा एका किकेत सुरू झाली.

मॅडम आल्या. हाताची घडी.

"सत्तावीस नंबर. आज वार कोणता?"

"रविवार, मॅडम."

"आपण कुठं आहोत?"

"माकणी."

"सकाळी काय खाल्लं?"

"इडली."

लोक हसले. मीही हसलो असतो, पण चटणीतला शेंगदाणा अजून माझ्या दाढेत होता. मॅडमनी वाकून गाडीची चावी काढली. पर्सची चेन ओढली.

"मॅडम, चावी द्या," राहुल म्हणाला.

"नाही."

बप्पा धावले. "मॅडम, अवो, एका इडलीपायी? पोरगं चालतंय, बोलतंय, हसतंय! पुण्याचे पाहुणे बसलेत. ह्याच्या जल्माचा प्रश्न हाय."

"म्हणूनच, बप्पा."

"घाबरलं आसंल, तोंडातून निघून गेलं इडली!"

"त्यानं घरात कधी इडली खाल्लेली नाही. आंबवलेलं सोसत नाही त्याला."

गर्दीतून ओरडा सुरू झाला. "चावी द्या! चावी द्या!" दोराची मेख उपटली. पुण्याचा पाहुणाही उठून उभा राहिला. राहुलचं तोंड लाल झालं, आणि त्यानं तह मोडला.

"तुला पहिल्यापासनं हे नकोच होतं! पहिल्या दिवसापासनं! आज बरं सापडलं तुला!"

मैदानाला तेव्हा कळलं की हे दोघं एकमेकांचे कोण. ओरडा आपोआप खाली आला. मॅडमनी पर्स काखेत घट्ट धरली होती. त्यांचा आवाज मी पहिल्यांदाच हळू ऐकला. माझ्या माईकनं तो जेमतेम पकडला.

"राहुलबाळा, सकाळी काय खाल्लं आपण?"

त्यानं त्यांच्याकडं पाहिलं. मग गाडीकडं, मग लोकांकडं. कपाळावर आठी.

"आत्या, शर्यत कधी सुरू होणार?" तो म्हणाला. आणि जरा थांबून, "आई आली का?"

मग तो गुडघ्यावर बसला आणि ओकला.

मैदानात एवढे लोक होते, पण मला फक्त इस्माईलभाईनं अँब्युलन्सचं मागचं दार उघडल्याचा आवाज आठवतो. मारुती आणि त्याचे तिघं फळी घेऊन आले. मॅडमनी मानेला आधाराचा पट्टा बांधून त्याला फळीवर निजवलं, पट्टे आवळले, मान दोन्ही हातांत धरली. पर्स धुळीत पडलेली. "चांग..." म्हणाल्या, पण शब्द अर्ध्यातच तुटला.

चौघं पुऱ्या शब्दाची वाट बघत हात घालून थांबलेले. आणि मग सगळं मैदान, दोरावरचे, ट्रॅक्टरवरचे, झाडावरचे, चावी मागणारे, बप्पा, पुण्याचा पाहुणा, एका आवाजात म्हणालं, "भलं!"

फळी उठली. थेंब हलला नाही.

दार बंद होता होता मॅडमचं वाक्य माझ्या कानावर पडलं. "इस्माईलभाई, काट्याकडं बघू नका. पळवा."

मंडळी, मी आजवर हजारो गाड्यांचं निवेदन केलंय. तसली गाडी पाहिली नाही. इतकी वर्षं त्या इंजिनात जेवढा वेग दाबून ठेवला होता तेवढा सगळा बाहेर आला. सोलापूरच्या रस्त्यावरचे टोलनाक्याचे लोक अजून विचारतात की ते काय गेलं. अँब्युलन्स गेली म्हणजे शर्यत बंद; पण त्या दिवशी बप्पा झोपले नाहीत, कुणी सोयरीक काढली नाही. फोन येईपर्यंत सगळे मैदानातच बसून राहिले. डोक्यात रक्त साकळायला लागलं होतं. वेळेत पोचला. शुद्धीवर आल्यावर डॉक्टरांनी त्याला विचारलं, कसं वाटतंय? तो म्हणाला, "भाकरी आणि शेंगांची चटणी." जिल्हाभर पेढे वाटले गेले.

पुण्याचा पाहुणा पुढच्या वर्षी पुन्हा आला. राहुलला घेऊन गेला आणि जाताना त्यानं बप्पांना विचारलं, "त्या मॅडमनाही नेऊ का? आमच्या टीमला पोरं मिळतात हो. थांबवणारं माणूस मिळत नाही." बप्पांनी गॉगल काढून डोळे पुसले आणि हो म्हटलं.

मॅडमची आमच्याकडची शेवटची शर्यत संपली तेव्हा ऊन उतरत होतं. पुण्याच्या रेल्वेसाठी इस्माईलभाई त्यांना मैदानातून थेट येडशी स्टेशनला सोडणार होता. मी विचारलं, "मॅडम, रेल्वे तर चाळीसच्या वर जाते की."

"तिला रूळ आहेत. तिला वळायचा शहाणपणा सुचत नाही," त्या म्हणाल्या, आणि सीटवर बसून त्यांनी पर्स मांडीवर घेतली.

अँब्युलन्स निघाली. तिच्यामागं एक गाडी लागली, मग दुसरी, मग सगळी पोरं. आयुष्यात कधी कुणाच्या मागं न राहिलेली, धूळ अंगभर माखलेली जिल्ह्यातली सगळ्यात वेगवान पोरं, सायलेन्सर काढलेल्या गाड्या कशाबशा दाबत, एका रांगेत. मी शेवटच्या गाडीवर मागं बसलो होतो. रस्ता रिकामा, सरळ. पुढून मॅडमचा हात खिडकीबाहेर आला आणि खालीवर हलला : हळू, हळू.

मी डोकं वाकवून गाडीचा काटा पाहिला. चाळीस. येडशीपर्यंत एकानंही ओव्हरटेक केलं नाही.